गोविंदाग्रज

पुण्यात मुठा नदीच्या काठी, जंगली महाराज रस्त्यालगत संभाजी उद्यान आहे. २३ जानेवारी १९६२ रोजी तेथे एका कवीच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. ते आचार्य अत्रे यांनी केले. अत्रे ज्यांना गुरू मानीत, ते हे कवी म्हणजे राम गणेश गडकरी.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातमधील नवसारी येथे झाला. बालपण गुजरातेत गेल्यामुळे मराठीशी त्यांचा परिचय उशिरा झाला. लहान वयातच पितृछत्र हरपले. पुढे ते पुण्यास आले व फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. परंतु गणितात यश न आल्याने शिक्षण अपुरे राहिले. वाचनाचा छंद मात्र त्यांनी कधीच सोडला नाही.

ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. तेथे बालनटांना शिकविता शिकविता त्यांनी रंगभूमीचा बारकाईने अभ्यास केला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरुस्थानी मानीत. विनोदी लेख ते 'बाळकराम' या नावाने, तर कविता 'गोविंदाग्रज' या नावाने लिहीत. अग्रज म्हणजे थोरला भाऊ. धाकट्या गोविंदाचे नाव त्यांनी असे आपल्या काव्याशी कायमचे जोडले. 'वाग्वैजयंती' हा त्यांचा काव्यसंग्रह होय.

'एकच प्याला' या नाटकात त्यांनी मद्यपानाने उद्ध्वस्त झालेला संसार दाखविला. एका बुद्धिमान वकिलाचा पहिला प्याला त्याच्या घराचा सर्वनाश कसा करतो, हे पाहून प्रेक्षकांची मने हेलावून जात.

अखेर क्षयाने त्यांना गाठले. तशा स्थितीतही त्यांनी 'भावबंधन' नाटक पुरे केले. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळील सावनेर येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ३३ वर्षांचे! 'एकच प्याला' रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 'राजसंन्यास' हे नाटक तर अपुरेच राहिले.

याच अपुऱ्या नाटकातील छत्रपती संभाजी महाराजांच्या चित्रणावर आक्षेप घेऊन जानेवारी २०१७ मध्ये काही जणांनी उद्यानातील तो पुतळा उखडून मुठेत टाकला. लेखकाच्या लेखनाविषयी मतभेद असू शकतात. पण त्यांचे उत्तर अभ्यासाने व विचाराने द्यावयाचे असते. पुतळा हलविता येतो. परंतु उशिरा शिकलेल्या मराठीला ज्याने एवढे वैभव दिले, त्या कवीचे शब्द वाचकांच्या मनातून कोण काढील?