फ्रिट्स झेर्निके : पारदर्शक पेशीचा द्रष्टा

मी कलाशाखेचा विद्यार्थी. सूक्ष्मदर्शकाशी माझा संबंध शाळेतल्या कांद्याच्या पापुद्र्यापुरताच. पापुद्रा पाहण्याआधी त्यावर आयोडीनचा थेंब का टाकतात, हे मला झेर्निके यांचे चरित्र वाचताना उमगले. जिवंत पेशी काचेसारखी पारदर्शक असते. रंगवल्याखेरीज ती नीट दिसत नाही आणि रंगवली की बहुधा मरते.

यावर एक जुना उपाय होता, अंधाऱ्या पार्श्वभूमीचा सूक्ष्मदर्शक. त्यात सरळ येणारा प्रकाश अडवून नमुन्यावरून विखुरलेला तेवढाच भिंगात घेतात. कवडशात धूलिकण चमकावेत तशा पेशीच्या कडा काळोखात उजळतात. आतले बारकावे मात्र बरेचसे निसटतात.

झेर्निके १८८८ साली अॅमस्टरडॅमला जन्मले. आईवडील दोघेही गणिताचे शिक्षक. एक बहीण धर्मोपदेशिका, दुसरी कादंबरीकार. म्हणजे आम्हा कलावाल्यांचाही त्या घरावर थोडा हक्क आहे! ग्रोनिंगेन विद्यापीठात ते १९२० साली प्राध्यापक झाले. १९३० च्या सुमारास, प्रकाशाचे पृथक्करण करणाऱ्या रेघांच्या जाळीतील दोष तपासताना त्यांना युक्ती सापडली. पेशीतून जाणारा प्रकाश फिका पडत नाही, त्याची लाट किंचित मागे पडते, आणि डोळ्याला ते कळत नाही. झेर्निके यांनी सरळ प्रकाश अडवला नाही. खास काचपट्टीतून नेऊन त्याची लाट पाव तरंगलांबीने सरकवली. मग ते मागे पडणेच उजेड-काळोखाच्या फरकात उतरले.

१९३२ साली ते ही पद्धत घेऊन येना येथील झाइस कारखान्यात गेले. तिथल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने ऐकवले की, यात काही उपयोगाचे असते तर ते आम्हीच केव्हाच शोधले असते. एवढ्या नामवंत संस्थेतली ही घमेंड वाचून मला आजही चीड येते. झेर्निके मात्र शोधनिबंध लिहीत राहिले. पुढे १९४१ साली जर्मन लष्कराने युद्धोपयोगी शोधांची मोजदाद केली, तेव्हा कुठे हे सूक्ष्मदर्शक तयार झाले. त्याच लष्कराने वर्षभरापूर्वी झेर्निके यांचा देश गिळला होता. पहिला उपयोग मात्र भलताच देखणा झाला : झाइसमधील कुर्ट मिशेल यांनी टोळाच्या पेशींच्या विभाजनाचे चलच्चित्र घेतले.

१९५३ साली झेर्निके यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९६६ साली ते वारले. त्यांच्या बहिणीचा नातू, गेरार्ड ट होफ्ट, यांनाही १९९९ साली तेच पारितोषिक मिळाले.