चोखोबांचा राग

मंगळवेढ्याचे नाव निघाले की कुणाला ज्वारी आठवते, कुणाला दुष्काळात सरकारी कोठारे उघडणारे दामाजीपंत. याच गावात चौदाव्या शतकात संत चोखामेळा राहत होते. त्यांची ओळख शांत, सोशिक भक्त अशीच करून दिली जाते. पण त्यांचे अभंग नीट वाचले तर त्यात राग आहे, आणि तो भरपूर आहे.

चोखोबांचा जन्म महार समाजात झाला. परंपरेनुसार जन्मगाव मेहुणा राजा, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यात. गुरू नामदेव, दैवत पंढरीचा विठोबा. मंगळवेढ्याहून पंढरपूर जवळच आहे, पण देवळाचे दार चोखोबांसाठी बंद होते. वेठीची कामे, उष्टे अन्न आणि वर विटाळाचा शिक्का, हे रोजचेच. अशा माणसाला ‘रागावू नका, तब्येतीला बरे नसते’ एवढेच सांगणारा डॉक्टर शहाणा म्हणता येणार नाही.

राग हा आजार नाही. अपमान किंवा धोका जाणवला की ॲड्रिनलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. शरीर झगड्याला उभे राहते. अडचण सुरू होते ती राग वारंवार उफाळला किंवा आत घोळत राहिला तर. 2024 मध्ये अमेरिकेत 280 निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना संताप आणणारा जुना प्रसंग फक्त आठ मिनिटे आठवायला सांगितले होते. तेवढ्याने त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता घटली आणि हा परिणाम चाळीस मिनिटांपर्यंत टिकला. प्रसंग तेव्हा घडतही नव्हता, नुसता आठवला होता.

मग राग बाहेर काढावा का? आदळआपट केली की मन मोकळे होते, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. 2002 च्या एका प्रयोगात उलटेच दिसले: ज्याचा राग आला त्याला डोळ्यांपुढे आणून ठोसे मारणारे जास्तच चिडले. त्यापेक्षा स्वस्थ बसून राहिलेले बरे होते.

चोखोबांनी आदळआपट केली नाही, गिळूनही टाकले नाही. त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगात बडवे मारहाण करत आहेत. देवाच्या गळ्यातला हार तुझ्याकडे कसा आला, असा आळ त्यांच्यावर आहे. चोखोबा मारणारे कोण ते सांगतात, आळ काय तेही सांगतात आणि विठोबाला लवकर धावून ये म्हणतात. कोणी दुखावले, कशावरून आणि आता काय हवे, हे तिन्ही त्यात आहे. राग हाताळायला शिकवताना आजचे समुपदेशक जवळपास हेच करून घेतात.

अर्थात चोखोबांची नाडी कुणी मोजलेली नाही. अभंगांना औषध ठरवण्याचेही कारण नाही. काही रचनांत ते आपले हीनपण मागच्या जन्माच्या माथी मारतात आणि तिथे राग विझून नुसता स्वीकार उरतो. शांतता वाटते ती अनेकदा थकवा असते. हे दवाखान्यातही दिसते.

त्यांच्या घरात मात्र हा राग एकट्याने वाहायचा नव्हता. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळेच अभंग रचत. देह विटाळातूनच जन्मतो तर सोवळा कोण, असा सोयराबाईंचा सवाल आहे. तो शरीरशास्त्राच्या अंगानेही बिनतोड आहे. कर्ममेळ्याचा सूर सर्वांत तिखट. देवाने आम्हाला या जन्माला का घातले, असे तो थेट विचारतो; बापासारखी पूर्वजन्माची समजूत त्याला पटलेली दिसत नाही. राग येतो हे ज्या घरात मोठ्याने बोलता येते, तिथे तो मुलांच्या पाठीवर किंवा बायकोच्या अंगावर उतरण्याची शक्यता कमी होते. आपल्याकडे मात्र साहेबाचा राग घरच्या ताटावर निघतो.

1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली. त्याखाली चोखोबा आणि इतर मजूर गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी समाधी बांधली, असे परंपरा सांगते. समाधी दाराबाहेरच राहिली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले आणि त्यानंतर ते दार दलितांसाठी उघडले. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत एक नाव चोखामेळ्याचे होते.