ती जपानला कधी गेलीच नाही!

के-ड्रामा बघताना हिरोईन भाताचा एक गोल रोल चॉपस्टिकनं उचलून तोंडात टाकते, तो तुम्ही पाहिलाच असेल. किंबाप. जपानी सुशी तर आता आपल्याकडच्या मॉलमध्येही मिळते. या दोन्हींना बाहेरून काळपट हिरव्या कागदासारखं जे गुंडाळलेलं असतं ना, ते समुद्री शेवाळ. जपानीत त्याला 'नोरी' म्हणतात. आज ते इतक्या सहज आणि इतक्या प्रमाणात मिळतं, यामागे एक ब्रिटिश बाई आहे. तिनं नोरीची शेती कधी केली नाही. जपानमध्ये तर तिनं पाऊलही ठेवलं नाही. आणि ज्या काळात तिनं हे काम केलं, त्यातली बरीच वर्षं तिला पगारही नव्हता.

तिचं नाव कॅथलीन ड्रू. जन्म ६ नोव्हेंबर १९०१, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातलं लीह हे गाव. शाळेत हुशार होती, स्कॉलरशिप मिळवून मँचेस्टर विद्यापीठात गेली आणि १९२२ मध्ये वनस्पतिशास्त्रात फर्स्ट क्लास ऑनर्स घेऊन बाहेर पडली. त्या काळात मुलींनी हे करणं दुर्मीळच होतं. पुढच्या वर्षी एमएस्सी, मग त्याच विद्यापीठात शिकवणं. त्यानंतर फेलोशिप मिळवून ती दोन वर्षं अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये राहिली. शेवाळाचे नमुने गोळा करायला थेट हवाईपर्यंत जाऊन आली. थोडक्यात, करिअर एकदम सेट होतं.

मग १९२८ मध्ये तिनं लग्न केलं. नवरा हेन्री राइट बेकर हाही मँचेस्टरमध्येच शिकवणारा, मेकॅनिकल इंजिनीअर. आणि लग्न झालं म्हणून तिची नोकरी गेली. तेव्हा विद्यापीठ विवाहित स्त्रियांना नोकरीवर ठेवत नसे, नियमच तसा होता. नवऱ्याची नोकरी अर्थातच चालू राहिली.

इथे गोष्ट संपली असती, तर कुणाला नवल वाटलं नसतं. अशा कित्येक जणींची संपलीही. कॅथलीन मात्र त्याच विद्यापीठात येत राहिली. बाकावर सूक्ष्मदर्शक, बरण्यांमध्ये समुद्राचं पाणी आणि लाल शेवाळाच्या जाती. घरी दोन मुलं. संशोधन बहुतांश बिनपगारी. १९३९ मध्ये मँचेस्टरनं तिला डीएससी ही पदवी दिली. म्हणजे बघा, डॉक्टरेट द्यायला विद्यापीठाची हरकत नव्हती, पगार द्यायला होती.

तिला छळणारा प्रश्न होता पोर्फिरा नावाच्या शेवाळाचा. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या खडकांना हे पातळ, जांभळट पानासारखं चिकटलेलं असतं. वेल्समधले लोक ते शिजवून नाश्त्याला खातात. नोरी म्हणजे याचंच जपानी भावंड. पोर्फिराच्या पानातून बीजाणू बाहेर पडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या बीजाणूंचं पुढे होतं काय? प्रयोगशाळेत ते रुजायचे, त्यांचे बारीक धागे व्हायचे, पण त्यातून पान काही उगवायचं नाही. खडकावरचं पान मात्र ऋतू आला की हजर. मधला काळ ते कुठे असतं, हे कोडं होतं.

कॅथलीननं प्रयोगशाळेतच लहानसा समुद्र तयार केला. भरती-ओहोटी होईल अशी टाकी तिला तिच्या इंजिनीअर नवऱ्यानं बनवून दिली. (हाच तो प्राध्यापक बेकर, ज्यानं पुढे १९५५-५६ मध्ये मृत समुद्राजवळ सापडलेली तांब्याची प्राचीन गुंडाळी कापून उघडली. जोडी भारी होती!) कॅथलीननं बीजाणूंना कालवांच्या शिंपल्यांची सोबत दिली. आणि जे धागे एरवी अडून बसत, ते शिंपल्याच्या आत शिरून वाढायला लागले. शिंपल्यावर गुलाबी डाग दिसू लागले.

हे गुलाबी डाग शास्त्रज्ञांना नवे नव्हते. १८९२ मध्येच त्यांचं 'कॉन्कोसेलिस रोझिया' असं बारसं झालं होतं, वेगळी वनस्पती म्हणून. कॅथलीनच्या लक्षात आलं की ही वेगळी वनस्पती नाहीच. सुरवंट आणि फुलपाखरू दिसायला वेगळे पण जीव एकच, तसंच हे. थंडीत खडकावर पान, उन्हाळ्यात शिंपल्यात धागा. शरद ऋतूत पाणी गार झालं, दिवस लहान झाला की धाग्यातून नवे बीजाणू सुटतात आणि पुन्हा पान उगवतं. हा शोध ऑक्टोबर १९४९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. जेमतेम दोन पानांचा मजकूर. त्यात शेतीचा विषय नव्हता.

आता जपानकडे वळू. तिथले किनाऱ्यावरचे शेतकरी शेकडो वर्षं नोरी पिकवत होते, पण कशी? शरद ऋतूत उथळ समुद्रात बांबू रोवायचे, नंतरच्या काळात जाळी बांधायची आणि वाट बघायची. बीजाणू आपोआप येऊन चिकटले तर पीक, नाहीतर वर्ष फुकट. बी पेरायचं म्हटलं तर बी येतं कुठून हेच माहीत नव्हतं. म्हणून नोरीला नशिबाचं गवत म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तर नशीबच फिरलं. वादळं आली, पीक पुन्हा पुन्हा बुडालं. युद्धानं आधीच कंगाल झालेल्या किनाऱ्यावर ही कुटुंबं जगणार कशावर, असा प्रश्न होता.

क्यूशू विद्यापीठातले शैवालतज्ज्ञ सोकिची सेगावा यांच्यापर्यंत कॅथलीनचा शोध पोहोचला. जपानी नोरीचंही तसंच होतं का, हे तपासलं गेलं. होत होतं! मग कुमामोतोमधले फुसाओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पेरणीची पद्धत बसवली. वसंतात नोरीचे बीजाणू कालवांच्या शिंपल्यांवर सोडायचे. ते शिंपले उन्हाळाभर जमिनीवरच्या टाक्यांत सांभाळायचे. शरद ऋतूत त्यातून बीजाणू सुटले की ते जाळ्यांवर घ्यायचे आणि जाळी समुद्रात नेऊन बांधायची. म्हणजे आधी रोपवाटिका, मग लावणी. आपल्या भातासारखंच की! १९५० च्या दशकातच ही पद्धत रुळली आणि नोरी नशिबाच्या तावडीतून सुटली. आता तर हे धागे शिंपल्याशिवाय, नुसत्या काचेच्या फ्लास्कमध्येही वाढवता येतात.

कॅथलीननं १९५२ मध्ये ब्रिटिश फायकॉलॉजिकल सोसायटी, म्हणजे शैवाल अभ्यासकांची संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. तिची पहिली अध्यक्षही तीच झाली. १४ सप्टेंबर १९५७ रोजी कर्करोगानं ती गेली. वय अवघं ५५. जपानमध्ये काय घडवून ठेवलंय, हे तिला डोळ्यांनी बघता आलं नाही.

जपानी लोक मात्र विसरले नाहीत. १९६३ मध्ये कुमामोतोतल्या उतो इथे, आरिआके समुद्राकडे बघणाऱ्या सुमियोशी मंदिराच्या आवारात तिचं स्मारक उभं राहिलं. तिथे तिला समुद्राची माता म्हणतात. दरवर्षी १४ एप्रिलला नोरीवाले जमून तिला वंदन करतात.

तुमच्यापैकी कुणी बेसिक सायन्सला असेल, तर 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न घरच्यांकडून, शेजारच्या काकांकडून नक्की ऐकला असेल. १९४९ मध्ये कॅथलीनला कुणी हे विचारलं असतं, तर नोरीच्या शेतीचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं. तिला फक्त ते पान उन्हाळ्यात जातं कुठे, हे हवं होतं. पण तिनं उत्तर नीट शोधलं आणि सगळ्यांसाठी छापलं, म्हणून हजारो मैलांवरच्या कुणाला तरी ते वापरता आलं. आणि हेही आहेच, की लग्नानंतर ती घरी बसली असती, तर नियमाच्या दृष्टीनं ते अगदी योग्य ठरलं असतं.

शेवाळाचं असं प्रयोगशाळेतलं संगोपन आपल्याकडेही होतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कॅप्पाफायकस या शेवाळाची शेती होते. त्याच त्याच रोपाचे तुकडे वर्षानुवर्षं लावले की वाण कमजोर पडतं. म्हणून भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत टिश्यू कल्चरनं निरोगी रोपं तयार करण्याचं काम चालतं.

आणि पोर्फिरा? त्याची एक जात आपल्या कोकणात आणि गोव्यातही आहे. पावसाळ्यात, लाटा आपटतात त्या खडकांवर ती उगवते. पाऊस सरला की दिसेनाशी होते. कुठे गेली असेल, याचा अंदाज आता तुम्हाला बांधता येईल.