एर्लांग कोण होते? फोनच्या लाइन मोजणाऱ्या गणितज्ञाची गोष्ट

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीसारख्या कोळसा खाणींच्या गावांत एसटीडी बूथचे दिवस अनेकांना आठवत असतील. रात्री दर उतरले की बूथबाहेर रांग लागायची. लाइन एक आणि गावाकडे बोलणारे अनेक! आता तेच बोलणे इंटरनेटवरून होते. पण लाइन थोड्या आणि माणसे पुष्कळ, हा प्रश्न जुनाच आहे. या प्रश्नाला गणिताचा भक्कम पाया दिला तो आग्नर क्रारुप एर्लांग यांनी.

एर्लांग यांचा जन्म 1 जानेवारी 1878 रोजी डेन्मार्कमधील लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावातले शाळामास्तर. विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा आग्नर यांनी चौदाव्या वर्षीच दिली. वय कमी असल्याने त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली. परीक्षेत ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले आणि पुढे काही काळ वडिलांच्याच शाळेत शिकवू लागले. 1896 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले आणि 1901 मध्ये गणिताची पदवी घेतली. त्यानंतर काही वर्षे शिक्षकी केली.

गणितज्ञांच्या संघटनेत त्यांची योहान येन्सन यांच्याशी ओळख झाली. येन्सन स्वतः नावाजलेले गणिती आणि कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते. त्यांच्यामुळे 1908 मध्ये एर्लांग या कंपनीत आले. सुरुवातीला हाताखाली माणसे नव्हती, म्हणून तारांची मोजमापे ते स्वतः करत. शहरातल्या रस्त्यांवर पुढे एर्लांग आणि मागे शिडी घेतलेला कामगार, असे ते फिरत.

कंपनीपुढचा पेच सोपा दिसतो. लाइन कमी टाकल्या तर लोकांचे फोन लागत नाहीत. जास्त टाकल्या तर पैसा वाया जातो. मग नेमक्या किती टाकायच्या? कोण कधी फोन करील हे तर कुणालाच ठाऊक नसते. एर्लांग यांनी 1909 मध्ये दाखवले, की एकेका माणसाचे सांगता आले नाही तरी खूप लोकांच्या फोनना मिळून एक नियम असतो. 1917 मध्ये त्यांनी दोन प्रसिद्ध सूत्रे मांडली: किती फोन वाया जातील आणि रांगेत किती वेळ थांबावे लागेल.

उदाहरण घेऊ. तासाला सरासरी 20 फोन, प्रत्येक 3 मिनिटांचा. एकूण 60 मिनिटे, म्हणजे एक लाइन पूर्ण तासभर व्यापली जाईल एवढे बोलणे. मग एक लाइन पुरेशी? नाही. फोन ठरवून एकामागोमाग येत नाहीत. सूत्रानुसार एका लाइनवर निम्म्या लोकांना लाइन व्यस्त मिळेल. दोन लाइनवर हे प्रमाण पाचात एक, तीनवर सोळात एक आणि चारवर 65 मध्ये एक इतके उतरते. माणसे परत परत फोन लावत नाहीत, असे यात गृहीत धरले आहे.

इंटरनेट फोनमध्ये आवाजाचे छोटे तुकडे करून पाठवतात. त्यांना पॅकेट म्हणतात. हे तुकडे राउटरमध्ये रांगेत थांबतात. पोहोचायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी आणि त्या वेळेतला कमी-जास्तपणा म्हणजे जिटर. आवाज तुटतो तो बऱ्याचदा याच जिटरमुळे. एकाच वेळी किती डेटा जाऊ शकतो ती क्षमता म्हणजे बँडविड्थ. ऑफिसला इंटरनेट फोनच्या किती वाहिन्या घ्याव्यात, हे आजही एर्लांग यांच्या सूत्राने काढतात.

एर्लांग यांनी लग्न केले नाही. पुस्तके जमवणे हा त्यांचा छंद, आणि गरजूंना ते सढळ हाताने मदत करत. जवळपास वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची सुटी त्यांना कधी घ्यावी लागली नाही. जानेवारी 1929 मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात गेले आणि 3 फेब्रुवारीला, वयाच्या अवघ्या 51 व्या वर्षी वारले.

1946 मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या एककाला एर्लांग हे नाव मिळाले. वरच्या उदाहरणातले तासभराचे बोलणे म्हणजे बरोबर एक एर्लांग. पुढे स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या एका संगणक भाषेलाही त्यांचे नाव दिले गेले. व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच भाषेत लिहिलेले आहेत. म्हणजे माजरीहून गावाकडे व्हॉट्सॲप कॉल लागतो, तेव्हा पडद्यामागे या शाळामास्तराच्या मुलाचे नाव असतेच.