बोर्डिंगची भाकरी आणि सरकारचे अनुदान

मिरजोळ्याच्या शाळेत आम्हाला मधल्या सुट्टीत खिचडी मिळे. वाढण्यापूर्वी गुरुजी ती चाखून वहीत नोंद करीत आणि तपासणीला साहेब आले की ती वही व तांदळाचा साठा पाहत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही; त्यामुळे शाळेत जेवण हे पूर्वापार चालत आले असावे, असेच मला वाटे. शाळेत शिजवलेले अन्न द्यावे हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ सालचा, हे पुढे कळले. त्याच्या पाऊणशे वर्षे आधी साताऱ्यात एका माणसाने परक्यांच्या मुलांसाठी चूल पेटवली होती. ते कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंतही गेले नाही. किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्याचे पोर शाळेत का जात नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. शाळा असली तरी त्या गावी राहायचे कुठे आणि खायचे काय? ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले तिथे एका पंक्तीला बसत, स्वयंपाक स्वतःच करीत. त्या काळी हे सोपे नव्हते. गावोगावच्या बायाबापड्या रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढीत, तोच मुष्टिफंड.

तरीही कोठी रिकामी होई. अशा वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. माहेरच्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाई! भाऊरावांचे नाव सर्वत्र झाले. बाईंचे व्हावे तितके झाले नाही, असे मला वाटते.

१९४८ साली भाऊरावांनी सरकारवर उघड टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. भाऊरावांची जीभ तिखट होती, हे मान्य. सरकारने पैशाचा हिशेब मागावा, वही तपासावी, हेही रास्त. पण भाषण एकाचे आणि शिक्षा शेकडो पोरांना, हा कुठला न्याय? भाऊराव वाकले नाहीत. त्यांनी लोकांपुढे झोळी पसरली. अखेर गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक नसलेल्या माणसाला डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. लक्ष्मीबाई हे पाहायला नव्हत्या. त्या १९३० सालीच गेल्या होत्या, बोर्डिंग अवघे सहा वर्षांचे असताना.

– द्वितीय वर्ष कला