बर्फावरच्या गाडीचा पट्टा जमवणारा बाप

वेळापूरच्या शिवारात पोकलेनची चेन सैल पडली की ग्रीस भरून ती ताणतात. बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइललाही असाच पट्टा असतो, पण रबरी. तो जमवला जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी.

त्यांचा जन्म १९०७ चा, कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या वॅलकूरचा. १५ व्या वर्षी त्यांनी फोर्डच्या जुन्या इंजिनाला पंखा लावून घसरगाडी पळवली. वडिलांनी ती मोडायला लावली! १९ व्या वर्षी त्यांनी गॅरेज काढलं.

हिवाळ्यात तिथले रस्ते बर्फाखाली बंद असत. १९३४ मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटातल्या संसर्गाने गेला. दवाखाना गाठेल असं वाहनच नव्हतं.

अडचण पट्ट्याची होती. रबर मढवलेलं दातेरी चाक आणि रबर-कापडाचा पट्टा ही जोडी अखेर जमली. १९३७ मध्ये पेटंट मिळालं. सात जणांच्या 'बी-७' गाडीतून डॉक्टर बर्फातही पोहोचू लागले. १९५९ मध्ये छोटी 'स्की-डू' आली.

पट्ट्याचं गणित आजही तेच. सैल असेल तर तो चाकाच्या दातांवरून घसरतो, फार ताणला तर झिजतो. म्हणून आधी ताण, मग सरळपणा. मागचा भाग उचलून पट्टा हळू फिरवायचा, थांबल्यावर इंजिन बंद करून बघायचं. पट्टा ज्या बाजूला सरकला, त्याच बाजूचा मागचा बोल्ट थोडा आवळायचा. अनेकजण इथेच चुकून उलटी बाजू आवळतात.

बॉम्बार्डिए १९६४ मध्ये, ५६ व्या वर्षी वारले.