कै. वसंत देसाई : वाद्यांचा विवेक जाणणारा संगीतकार

चित्रपटातील गाण्याची चाल लोकांच्या ओठी बसते; परंतु त्या चालीमागे कोणते वाद्य केव्हा वाजले आणि कोणते मुद्दाम मुके ठेवले, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. चित्रपटसंगीताचा दर्जा मात्र पुष्कळ अंशी याच न दिसणाऱ्या कामावर ठरतो. या कामास वाद्ययोजना म्हणतात. एकच स्वरावली सनईवर वाजली तर दारी मंगलकार्य असल्याचा भास होतो. तीच सारंगीवर वाजली तर मन व्याकुळ होते. आणि दहा वाद्यांवर एकदम वाजली तर कित्येकदा नुसता गलबला होतो. हा विवेक ज्यांच्या अंगी पूर्णपणे बाणला होता, अशा कै. वसंत देसाई यांचे चरित्र आपल्या घरांतील मुलामुलींना परिचित असावे, एवढ्यासाठी हा अल्प प्रयत्न.

वसंतरावांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळजवळील सोनवडे या गावी झाला. हा भाग तेव्हा सावंतवाडी संस्थानात मोडत असे. दशावतार आणि भजन यांचे संस्कार कोकणातील मुलावर आपोआपच होतात. ऐन तारुण्यात ते प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे पडेल ते काम त्यांनी केले. लहानसहान भूमिका केल्या, गाणीही म्हटली. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे व मास्टर कृष्णराव या थोर संगीतकारांचे काम जवळून पाहावयास मिळाले, हीच त्यांची खरी पाठशाळा ठरली.

पुढे व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर स्थापन केले आणि १९४३ च्या ‘शकुंतला’ या चित्रपटाचे संगीत वसंतरावांकडे सोपविले. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) हे चित्रपटही त्यांच्याच संगीताने नटले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटासही त्यांचेच संगीत होते.

तो काळ मोठमोठ्या वाद्यवृंदांचा होता. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत व्हायोलिनच्या रांगा आणि पाश्चात्य वाद्यांचे ताफे जमू लागले होते. त्या पद्धतीतही उत्तम कामे झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याचे त्याने पाहून अनुकरण सुरू झाले, की प्रसंगाला काय हवे हा प्रश्न मागे पडतो. वर्गातील सगळी मुले एकदम बोलू लागली, तर हुशार मुलाचे उत्तरही ऐकू येत नाही. वाद्यांचेही तसेच आहे. वसंतरावांनी आधी प्रसंग पाहिला, मग वाद्य निवडले.

‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) हा नृत्याचा चित्रपट. त्यात उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज आणि पंडित सामताप्रसाद यांचा तबला त्यांनी योजिला. याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात काश्मीरचे संतूर वाजले. वादक होते शिवकुमार शर्मा. वय विशीच्या आत. मुंबईकर श्रोत्यांस त्या वेळी हे वाद्य जवळजवळ अपरिचित होते. पुढे शर्मांनी त्यास शास्त्रीय मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले.

‘गूँज उठी शहनाई’ (१९५९) या चित्रपटाचा नायकच सनईवादक. येथे वसंतरावांनी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांना पाचारण केले. सामान्यतः लग्नाच्या दारी ऐकू येणारी सनई या चित्रपटात आनंद, विरह आणि शोक सारेच बोलू लागली. एका वाद्यावर एवढी भिस्त ठेवण्यास धैर्य लागते. कारण ते वाद्य फसले तर झाकावयास दुसरे नसते.

उलट ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील त्यांची प्रार्थना अशी, की कोणत्याही वाद्याच्या आधाराशिवाय शाळेतील मुलांनी ती म्हणावी, आणि असंख्य शाळांतून ती म्हटली गेली. १९७३ च्या ‘अचानक’ या चित्रपटात तर एकही गीत नाही. तेथे चालीचा आधार नव्हता. होते ते केवळ पार्श्वसंगीत. संगीतकाराची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

१९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी गायिलेल्या ‘मैत्रीं भजत’ या विश्वशांतीच्या गीताची स्वररचनाही वसंतरावांचीच. मराठी रंगभूमीसही त्यांनी संगीत दिले. २२ डिसेंबर १९७५ रोजी राहत्या इमारतीतील लिफ्टच्या अपघातात त्यांचा करुण अंत झाला. वय अवघे ६३ वर्षांचे.

त्यांच्या निधनानंतर संगीताची साधने अमाप वाढली. आज एका यंत्रावर शंभर वाद्यांचा ध्वनी एकटा मनुष्य काढू शकतो. साधने दुर्मिळ असताना विवेक नाइलाजानेही अंगी येतो. विपुलता असताना तो जाणीवपूर्वक जोपासावा लागतो. आपल्या घरांतील जी मुले आज संगीत शिकत आहेत, त्यांनी वसंतरावांपासून एवढे अवश्य घ्यावे, की हाताशी आहे म्हणून वाद्य वाजवू नये. प्रसंग मागेल तेव्हाच वाजवावे. आणि आपण श्रोत्यांनी गायकाच्या नावाबरोबर वादकाचेही नाव विचारण्याची सवय लावून घ्यावी. कै. वसंतरावांस ती खरी श्रद्धांजली ठरेल.